दूध डेअरीत येतं, तिथेच तपासा

मा. आयुक्त, पशुसंवर्धन आणि मा. आयुक्त, दुग्धव्यवसाय विकास, महाराष्ट्र राज्य यांस,

मी रोज डेअरीला दूध घालणाऱ्या घरातला आहे. सडाला गाठ लागली की आमच्याकडे 'दगडी झाली' म्हणतात. औषध आणतात आणि आंबोणाची वेळ झाली की विषय संपतो. म्हणूनच हे पत्र.

2024च्या सुरुवातीला अमेरिकेत टेक्सासमधल्या गायींनी वैरण टाकली, दूध आटलं आणि जे आलं ते चिकासारखं घट्ट, पिवळसर, वरवर दगडीच वाटावी असं. गोठ्यातल्या मांजरांनी ते निरसं दूध प्यायलं आणि त्यातली बरीच मेली. 25 मार्चला निदान झालं: बर्ड फ्लू, एच5एन1. कोंबड्यांचा म्हणून ओळखला जाणारा विषाणू गायीच्या कासेत वाढत होता. धारा काढायच्या यंत्राचे कप एका गायीचे दुसरीला लागत होते आणि वरून धडधाकट दिसणारी जनावरं ट्रकमधून दुसऱ्या राज्यांत जात होती.

पुढचं मला जास्त लागतं. परराज्यात जाणाऱ्या दुभत्या गायींची तपासणी सक्तीची व्हायला एप्रिल संपत आला. देशभर दूध तपासण्याचा आदेश निघाला डिसेंबरात. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांना आणीबाणी जाहीर करावी लागली. अमेरिकेत नोंदल्या गेलेल्या सुमारे सत्तर बाधित माणसांपैकी निम्म्याहून अधिक जणांना लागण झाली ती गोठ्यात काम करताना. अनेकांचे फक्त डोळे लाल झाले होते.

आपल्या गोठ्यांत हा रोग आहे, असं मी म्हणत नाही. पण विषाणू आपल्याला परका नाही. देशात तो पहिल्यांदा सापडला तो 2006मध्ये, नंदुरबारच्या नवापुरात. डिसेंबर 2024मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या त्यानेच मेले. उकळलेल्या किंवा पाश्चराइज केलेल्या दुधात तो टिकत नाही, तेव्हा शहरातल्या ग्राहकाने घाबरू नये. माझी काळजी वेगळी आहे: कासेशी तोंड नेऊन धारा काढणारी बाई, धारोष्ण दूध पिणारं पोर, उंबऱ्यावरचं मांजर.

साहेब, दूध फॅट आणि एसएनएफसाठी रोज तपासलं जातं. शीतकरण केंद्रावरच्या एकत्र दुधाचा नमुना ठरावीक दिवसांनी या विषाणूसाठीही पाहता येईल. एका नमुन्यात अख्ख्या गावाच्या गोठ्यांचा अंदाज येतो. आणि दगडी औषधाला दाद देत नसेल, तर गावातल्या पशुधन पर्यवेक्षकाने कोणते नमुने कुठे पाठवायचे, हे त्याला लेखी कळवा.

एक गोष्ट मात्र आधी करा. गाय आजारी निघाली तर बंद पडलेल्या दुधाचे पैसे शेतकऱ्याला मिळतील, असा आदेश काढा. दर दहा दिवसांच्या पगारावर ज्याचं घर चालतं, तो त्याशिवाय तुम्हाला फोन करणार नाही.

आपला,
एक दूध उत्पादक