ट्रकचा हिशेब लागतो, ड्रायव्हरच्या झोपेचा का लागत नाही?

सुरजागडच्या पहाडावरचे लोहखनिज भरून ट्रक निघतो. एटापल्ली, आलापल्ली, आष्टी, गोंडपिपरी करत घुग्घुसच्या वाटेला लागतो. या सगळ्या वेळात तो कुठे आहे हे अनेकांना माहीत असते. मालकाच्या मोबाइलवर जीपीएसचा ठिपका सरकत असतो. ई-वे बिलावर मुदत छापलेली असते. 1 जानेवारी 2021 पासून 200 किलोमीटरला एक दिवस. काट्यावर वजनाची पावती तारीख-वेळेसह निघते. वाटेत टोल लागला तर फास्टॅगची नोंद होते. स्टिअरिंगवर बसलेला माणूस किती तास जागा आहे, याची नोंद मात्र कुठेच नसते.

मी अशाच वाहन-मागोवा प्रणालींचे सॉफ्टवेअर लिहितो. त्यामुळे एक गोष्ट ठामपणे सांगतो: ही माहिती नाही असे नाही, ती मागितली जात नाही. आमच्याकडे ग्राहक विचारतात ते ट्रक कुठे थांबला, किती वेळ थांबला आणि डिझेल कुठे कमी झाले. थांब्यांचा अहवाल रोज सकाळी हवा असतो. ड्रायव्हर सलग किती तास चालवतो आहे हे त्याच आकड्यांवरून काढता येते. दोन दिवसांचे काम आहे. आजवर एकाही ग्राहकाने ते मागितले नाही. यंत्र ड्रायव्हरवर पाळत ठेवते, पण त्याच्या बाजूने साक्ष देत नाही.

एकच रस्ता, एकच माल, रोज तीच खेप, असे हे बांधलेले काम. चाकणच्या मोटार कारखान्यांना सुटे भाग पोचवणाऱ्या ट्रकचेही तसेच. कारखाना साठा ठेवत नाही, रस्त्यावरचा ट्रक हेच त्याचे गोदाम, आणि उशीर झाला की सगळे ड्रायव्हरच्या नावावर. बहुतेक ठिकाणी मजुरी खेपेवर ठरते. म्हणजे भरण्याच्या रांगेत, काट्यावर, उतरवायच्या फाटकाबाहेर गेलेले तास फुकट. ते भरून काढायचे तर रात्रीची झोप कापायची. आपल्या मोहल्ल्यांतली कितीतरी घरे या खेपांवर चालतात, त्यांना हे समजावून सांगायला नको.

अपघात झाला की निदान तयार असते: बेदरकार होता, प्यायला होता. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात 4,61,312 अपघात झाले आणि 1,68,491 माणसे मेली. त्या अहवालात नियमभंगानुसार वर्गवारी आहे: अतिवेग, दारू, उलट दिशेने चालवणे, सिग्नल तोडणे, मोबाइल, आणि उरलेले सगळे 'इतर'. झोपेचा रकाना नाही. डोळा लागलेल्या माणसाचा ट्रक समोरच्या बसवर गेला तर ते अतिवेगात जाईल किंवा 'इतर'मध्ये. रकानाच नसेल तर धोरण कशावर आखणार?

सरकारने आखले ते शिक्षेचे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 106(2) मध्ये अपघातानंतर न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड ठेवला. जानेवारी 2024 च्या पहिल्या दोन-तीन दिवसांत ट्रक उभे राहिले, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि ड्रायव्हर नावाचा माणूस अस्तित्वात आहे हे शहरांना आठवले. 1 जुलै 2024 ला संहिता लागू झाली तेव्हा हे पोटकलम बाजूला ठेवले गेले. पण ड्रायव्हर पळतो का, हा प्रश्न तसाच राहिला. जानेवारी 2019 मध्ये एटापल्ली-आलापल्ली रस्त्यावर गुरुपल्लीजवळ एसटी बस आणि खनिजाच्या ट्रकची धडक झाली, माणसे मेली आणि संतापलेल्या लोकांनी ट्रक पेटवले. त्याआधी डिसेंबर 2016 मध्ये याच सुरजागडला माओवाद्यांनी सत्तरच्या वर वाहने जाळली होती. या रस्त्याचा राग कुणावरही असो, आग लागते ती ड्रायव्हरच्या केबिनला. गावकऱ्यांचा संताप खोटा आहे असे मी म्हणत नाही. ज्यांच्या घरातले माणूस गेले त्यांना आणि रात्रभर न झोपलेल्या ड्रायव्हरला एकमेकांसमोर उभे करून बाकीचे मोकळे होतात, माझा आक्षेप त्याला आहे.

कायदा नाही असे तरी म्हणावे, तर तोही आहे. मोटार परिवहन कामगार कायदा 1961 चा. दिवसाला आठ तास, आठवड्याला 48. लांब पल्ल्याला परवानगीने दहा आणि 54. हा कायदा पाच किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनेला लागू होता. 21 नोव्हेंबर 2025 ला नव्या कामगार संहिता लागू झाल्या, आणि त्यांतल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत पाचाचे दहा झाले. चार ट्रक, चार ड्रायव्हर, चार क्लीनर असलेला मालक जुन्या कायद्याच्या आत होता, आता बाहेर आहे. याला सुधारणा म्हणायचे!

पण मोटार वाहन कायदा 1988 चे कलम 91 माणसे मोजत बसत नाही. परिवहन वाहन चालवणाऱ्या कोणत्याही व्यक्तीला ते तासांची मर्यादा घालते. शिवाय राज्य सरकार, किंवा सरकारने अधिकार दिले तर परिवहन प्राधिकरण, मालकांना तास आधी ठरवायला लावू शकते आणि त्यांची नोंद ठेवण्याची सोय करू शकते. नितीन गडकरींनी सप्टेंबर 2021 मध्ये वैमानिकांसारखे ट्रकचालकांचेही तास ठरवावेत असे म्हटले होते. त्यानंतर आली ती 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या जड ट्रकांना वातानुकूलित केबिनची सक्ती. चंद्रपूरच्या मे महिन्यात तिची किंमत कळते, नाही म्हणत नाही. पण गार केबिनमध्ये डोळा लवकर लागतो, तासांचे काय?

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, यंत्राला ट्रक कळतो, माणूस कळत नाही. युरोपात नव्या जड वाहनांना 2006 पासून डिजिटल टॅकोग्राफ आहे; ड्रायव्हर स्वतःचे कार्ड घालतो, साडेचार तासांनंतर 45 मिनिटे थांबतो आणि दिवसाला साधारण नऊच तास चालवतो. आपल्याकडे परवान्यांची 'सारथी' आणि वाहनांची 'वाहन' अशी दोन कोठारे सरकारकडेच आहेत. ती जोडणे अवघड नाही. दुसरा आक्षेप खुद्द ड्रायव्हर घेतील आणि तो खरा आहे: तास कमी झाले तर खेपा कमी, मग घर कसे चालणार? म्हणूनच मजुरी खेपेवरून काढून तासावर आणावी लागेल, आणि रांगेतला तासही मोजावा लागेल. त्याशिवाय आणलेली तासांची मर्यादा ड्रायव्हरच्याच पोटावर येईल.

सुरुवात मुंबई-दिल्लीहून व्हायची गरज नाही. एमएच 33 आणि एमएच 34, गडचिरोली आणि चंद्रपूर. खनिज आणि कोळशाचे ट्रक ठरलेल्या वाटांनी जातात, त्यांच्यात जीपीएस आहे, काट्याच्या पावत्या आहेत. या दोन जिल्ह्यांपुरते कलम 91 खाली तासांची नोंद सक्तीची करा, ही मागणी आपल्या संघटनांनी, ड्रायव्हरांच्या युनियनने आणि रस्त्याकाठच्या ग्रामसभांनी एकत्र लिहून दोन्ही परिवहन कार्यालयांत द्यावी, पोच घ्यावी, आणि महिन्याभराने माहितीच्या अधिकारात विचारावे की त्या कागदाचे काय झाले.