यंत्र आपले, हिशेब कोणाचा?

पुणे-बंगळूर महामार्गावर, कराडला लागून असलेल्या मलकापुरात काळ्या-पांढऱ्या छपाईचे मोठे यंत्र घेणाऱ्या दुकानदारास विक्रेता प्रथम मिनिटाला किती पाने निघतात ते सांगतो. खरा हिशेब त्यापुढे आहे. टोनर, ड्रम, वीज व दुरुस्ती धरून पानामागे काय पडते, यावरच त्याची मजुरी सुटते वा बुडते.

झेरॉक्स कंपनीने १९५९ साली जाहीर केलेले ९१४ हे यंत्र भाड्याने दिले : महिना ९५ डॉलर, आणि २००० प्रतींनंतर दर प्रतीस वेगळा आकार. १९७५ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी झालेल्या तडजोडीने तिला आपली पेटंट इतरांना खुली करावी लागली. मक्तेदारी ढिली झाली. प्रतीमागील खंडणी मात्र देखभाल-करारांतून टिकून आहे.

म्हणून करारातील किमान पानांची अट आधी वाचावी. ज्याचे टोनर व सुटे भाग बाजारात सहज मिळतात तेच यंत्र घ्यावे. एकाच मजकुराच्या हजारो प्रती काढावयाच्या असतील, तर ऑफसेटच परवडते. कराड-मलकापूरच्या दुकानदारांनी टोनर एकत्र खरेदी केला, दुरुस्तीचा कारागीर मिळून नेमला, तर भाव ठरविण्याची सत्ता काही अंशी त्यांच्या हाती येईल. सहकारावर साखर कारखाने उभारणाऱ्या या मुलखाला एवढे अवघड नसावे.