वेदनेला सीमा नाही, औषधाला मात्र आहे

मॉस्कोच्या शेरेमेत्येवो विमानतळावर ऑगस्ट २०२१ मध्ये एका अमेरिकन शाळाशिक्षकास अटक झाली. पाठीच्या जुनाट दुखण्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेला सुमारे १७ ग्रॅम गांजा त्याच्या सामानात सापडला. त्याला १४ वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली. याच विमानतळावर फेब्रुवारी २०२२ मध्ये बास्केटबॉलपटू ब्रिटनी ग्रायनर पकडली गेली. तिच्याजवळ एक ग्रॅमहूनही कमी गांजाचे तेल होते आणि दुखण्यावरील उपचाराबाबत डॉक्टरांचे पत्र तिच्या वकिलांनी न्यायालयात सादर केले होते. तिला ९ वर्षांची शिक्षा झाली. शस्त्रास्त्रांचा व्यापारी व्हिक्टर बूट याच्या बदल्यात ती त्याच वर्षीच्या डिसेंबरात सुटली. शिक्षकाला मात्र फेब्रुवारी २०२५ पर्यंत तुरुंगात राहावे लागले. ग्रायनर सुटली याचा आनंदच मानला पाहिजे. परंतु राष्ट्रांच्या सौदेबाजीत नामवंताला जी किंमत येते ती शाळामास्तराला येत नाही, हेही या दोन प्रकरणांनी उघडे केले.

मधुमेह, नागीण, मणक्याची इजा, कर्करोगावरील औषधे अशा अनेक कारणांनी मज्जातंतूंना अपाय होतो आणि मग आगीसारखी, विजेच्या धक्क्यासारखी वेदना रुग्णाची पाठ सोडीत नाही. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या तेथे बहुधा निष्प्रभ ठरतात. अशा काही रुग्णांना जर्मनीत मार्च २०१७ पासून आणि ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०१८ पासून गांजापासून केलेले औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कायदेशीरपणे मिळू शकते. त्याच्या गुणकारितेचा पुरावा अद्याप मर्यादित आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने २०१९ साली जुनाट वेदनेसाठी त्याची शिफारस केली नाही. परिणामी तेथे सार्वजनिक सेवेतून ते फार थोड्यांना मिळते; बाकीच्यांना खाजगी दवाखान्याची फी मोजावी लागते. म्हणजे वेदनाशमनाचा प्रश्न तेथेही ऐपतीचाच झाला आहे.

तथापि, एका देशात कायद्याने दिलेले औषध सीमा ओलांडताच गुन्ह्याचा मुद्देमाल व्हावा, हे कोणत्या न्यायात बसते? १९६१ च्या अमली पदार्थविषयक आंतरराष्ट्रीय कराराचे ३२ वे कलम जहाजांच्या व विमानांच्या प्रथमोपचार पेटीतील औषधांना सवलत देते. त्याच विमानात बसलेल्या रुग्णाच्या खिशातील औषधासाठी मात्र करारात असे स्वतंत्र कलम नाही. कंपनीच्या पेटीची आठवण राहिली, माणसाची राहिली नाही! मार्ग काढणे अशक्य होते असेही नाही. युरोपातील शेंगेन कराराच्या ७५ व्या कलमान्वये डॉक्टरांच्या चिठ्ठीवर अधिकृत दाखला मिळतो आणि ३० दिवसांपुरते औषध सोबत नेता येते. जे तेथे घडू शकते ते इतरत्र का घडू नये?

भारताचा या प्रश्नाशी संबंध जुना आहे. कलकत्त्यात ओशॉनेसी या डॉक्टरने १८३९ साली गांजाच्या औषधी उपयोगावर निबंध वाचला आणि येथूनच ते ज्ञान युरोपात गेले. १८९३-९४ च्या चौकशी आयोगाने सरसकट बंदीच्या विरोधात कौल दिला. पुढे १९८५ च्या कायद्याने भांगेच्या पानांना वगळले, पण फुलोऱ्याला, म्हणजे गांजाला, बंदीखाली आणले. लंडनला स्थायिक झालेला एखादा मराठी रुग्ण तेथे चिठ्ठीवर जो फुलोरा घेतो, तो घेऊन तो आजारी आईला भेटावयास मुंबईस उतरला, तर ती चिठ्ठी त्याला वाचवील असा भरवसा कोणीही देऊ शकत नाही. त्याने वेदना सोसत यावे किंवा येऊच नये, एवढेच पर्याय उरतात.

नशाबंदीच्या चळवळीत वाढलेल्या कार्यकर्त्याला येथे शंका येईल. औषधाच्या नावाखाली व्यसनाला दार उघडणार नाही काय? शंका रास्त आहे. गांजाच्या नव्या बाजारपेठेवर भांडवलदारांचा डोळा आहे, हेही खरे. परंतु व्यसनाविरुद्धचा लढा हा दुबळ्यांच्या बाजूने असतो. रुग्णाला बेड्या ठोकून तो जिंकला जात नाही. मॉर्फिनचा अनुभव ताजा आहे. १९८५ च्या कायद्याच्या धास्तीने रुग्णालयांतून मॉर्फिन जवळजवळ हद्दपार झाले आणि कर्करोगाचे असंख्य रुग्ण तळमळत मेले. ती चूक दुरुस्त करणारा कायदा २०१४ साली आला. तोवर एक पिढी संपली होती.

डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला अत्यंत घातक पदार्थांच्या यादीतून वगळण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी संमत झाला. भारताने ठरावाच्या बाजूने मत दिले. व्हिएन्नात दिलेल्या मताचा अर्थ मुंबईच्या विमानतळावरही दिसला पाहिजे. उपचाराखालील प्रवाशास ठराविक मुदतीचा, ठराविक मात्रेचा परवाना मिळावा. तो परकीय वकिलातीत अर्ज करून विनाशुल्क मिळावा. आणि मूळ वेष्टणातील औषध व डॉक्टरांचे पत्र दाखविणाऱ्यास तस्कर समजू नये, एवढीच ही माफक मागणी आहे. तिच्यासोबतच जिल्हा रुग्णालयांत वेदनाशमनाची सोय व्हावी ही मागणीही जोडली पाहिजे. कारण ज्या शेतमजुराला विमान कधी दिसणार नाही, त्याच्याही मज्जातंतू तितक्याच दुखतात. परवाना केवळ प्रवास करणाऱ्यांपुरता राहिला तर ती सवलत ठरेल. उपचार सर्वांपर्यंत पोचला तरच तो हक्क होईल. समाजवाद्यांनी लढावयाचे आहे ते या हक्कासाठी.