आपत्कालीन पिशवीत पिस्तूल नको

गाडीत एक आपत्कालीन पिशवी असावी, याबद्दल माझं कुणाशीच भांडण नाही. भांडण आहे ते त्या पिशवीत एखादं स्वस्तातलं पिस्तूलही असावं, या म्हणण्याशी. हे म्हणणं आता खारघर-नेरूळच्या सोसायट्यांत, रात्रपाळीवाल्यांच्या गप्पांत, सकाळी फिरायला निघालेल्या निवृत्तांच्या कट्ट्यावर ऐकू येतं. असं बोलणारी माणसं गुंड नाहीत. ती बायकामुलांच्या काळजीपोटी बोलतात. म्हणूनच त्यांना हसण्यावारी न नेता नीट उत्तर द्यायला हवं.

त्यांचा पक्ष त्यांच्याच जोराने मांडतो. महापेची रात्रपाळी संपवून ठाणे-बेलापूर रस्त्याने एकटी निघालेली मुलगी, उरणच्या वाटेवर कंटेनरांच्या रांगेत मध्यरात्री बंद पडलेली गाडी, आडबाजूला गाडी अडवून लुटणारी टोळी. अशा वेळी पोलिस येईपर्यंत जे व्हायचं ते होऊन जातं. स्वसंरक्षणाचा हक्क तर कायद्यानेच दिला आहे. भारतीय न्याय संहितेच्या 34 ते 44 या कलमांत तो आहे, आणि जिवावरच्या हल्ल्याचा प्रतिकार करताना हल्लेखोर मेला तरी 38 वं कलम बचाव करणाऱ्याच्या पाठीशी उभं राहतं. शिवाय इतिहासाचा दाखला असतोच: लॉर्ड लिटनच्या राजवटीत 1878 च्या कायद्याने हिंदी माणसाच्या हातातलं शस्त्र काढून घेतलं आणि युरोपियनांना मोकळं सोडलं. मग स्वतंत्र देशातल्या प्रामाणिक नागरिकाने निःशस्त्र का राहायचं?

यातला हक्काचा भाग मला पूर्ण मान्य आहे. 1878 चा अपमानही खरा आहे. पण तो कायदा गेला, आणि त्याच्या जागी आलेला 1959 चा शस्त्र कायदा युरोपियनांना तशी सूट देत नाही. ज्याच्या जिवाला खरा धोका आहे त्याला परवाना मागता येतो. वाद हक्काचा नाहीच. शस्त्र कुठे ठेवायचं, वाद एवढाच आहे.

आधी पैशाची गोष्ट. कानपूरच्या सरकारी कारखान्याने 2014 मध्ये महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचं .32 रिव्हॉल्व्हर काढलं. वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या घरात. त्याहून लहान, .22 चं ‘निडर’ आलं ते 35 हजारांच्या आसपास. सर्वसामान्य परवानाधारकाच्या आवाक्यातली कायदेशीर हँडगन साधारण याच दोन बोअरच्या घरातली असते. चित्रपटात दिसणारं 9 मिमीचं पिस्तूल प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं आणि ते सामान्य नागरिकाला मिळत नाही. म्हणजे कायदेशीर शस्त्र घ्यायचं तर मोठा खर्च आला, नवी मुंबईच्या पोलिस आयुक्तालयात अर्ज आला, चौकशी आली, प्रशिक्षण आलं, आणि धोका नेमका कोणाकडून आहे हे पटवून देणंही आलं. ‘गाडीत असलेलं बरं’ हे कारण तिथे टिकत नाही.

यापेक्षा स्वस्त जे मिळतं त्याला आपल्याकडे गावठी कट्टा म्हणतात. चोपडा तालुक्याच्या सीमेला लागून मध्य प्रदेशात असलेल्या उमर्टीचं नाव महाराष्ट्राच्या पोलिस तपासांत पुन्हा पुन्हा येतं ते याच मालामुळे. तो कुठल्या लोखंडाचा बनला, कुठली चाचणी झाली, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. तो समोरच्यापेक्षा चालवणाऱ्याच्याच हातात फुटण्याची भीती मोठी. आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगण्याची किमान शिक्षा दोन वर्षं झाली आहे, कमाल पाच. शस्त्र प्रतिबंधित प्रकारातलं निघालं तर किमान सात. मुलांच्या काळजीपोटी डिकीत ठेवलेल्या कट्ट्याने बाप तुरुंगात जातो, हे त्या काळजीचं कसलं फळ?

आता धरून चालू, की परवाना आहे, पैसेही आहेत. तरीसुद्धा पिशवीत शस्त्र ठेवणं मुळातच चुकीचं का, ते सांगतो. या लेखाचा सगळा भार याच मुद्द्यावर आहे. आपत्कालीन पिशवी कोणालाही, अंधारातही, क्षणात उघडता यावी अशी असते. मलमपट्टी, पाणी, बिस्किटं, टॉर्च तिच्यात असतात, म्हणून बायको तिच्यात हात घालते, सात वर्षांचा मुलगा घालतो, मदतीला थांबलेला अनोळखी दुचाकीस्वारही घालतो. शस्त्राचं नेमकं उलट. ते एका माणसाशिवाय कोणाच्या हाती लागू नये, हीच त्याच्या साठवणुकीची पहिली अट. या दोन गरजा एका पिशवीत बसत नाहीत. पिशवीला कुलूप घातलं तर अपघातात ती कुचकामी, नाही घातलं तर शस्त्र उघड्यावर.

कायदाही हेच सांगतो. शस्त्र नियम 2016 नुसार सार्वजनिक ठिकाणी हँडगन न्यायची तर अंगावरच्या होल्स्टरमध्ये किंवा पाठपिशवीसारख्या आवरणात, पूर्ण झाकून, आणि नेणाऱ्याचा तिच्यावर प्रत्यक्ष ताबा राहील अशी. पाठपिशवी चालते म्हणून काही जण इथेच जिंकल्याचा आव आणतात, पण ताब्याची अट ते विसरतात. सीवूड्सच्या मॉलखाली गाडी लावून तुम्ही दोन मजले वर गेलात की ताबा संपला. पत्नी ती गाडी घेऊन वाशीला गेली, ड्रायव्हरने ती सर्व्हिसिंगला नेली, हॉटेलबाहेर चावी दुसऱ्याच्या हाती दिली, की परवाना एकाच्या नावावर आणि शस्त्र दुसऱ्याच्या हातात. गोव्याला निघालात आणि परवान्याची हद्द महाराष्ट्रापुरतीच असेल तर पत्रादेवीचा नाका ओलांडताक्षणी तुम्ही गुन्हेगार. निवडणूक लागली की अनेक परवानाधारकांना शस्त्र पोलिस ठाण्यात जमा करावं लागतं. 2024 मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका झाल्या. अशा काळात पिशवीतला हा आधार ठाण्याच्या कपाटात पडून असतो.

आणि चोरी? काच फोडून बॅग लंपास, ही बातमी आपल्या शहरांत इतकी नेहमीची आहे की ती आतल्या पानावर चार ओळींत संपते. चोराला आत काय आहे ते माहीत नसतं, तो बॅग पाहतो आणि काच फोडतो. त्यात शस्त्र असेल तर लॅपटॉपच्या चोराला आपण एका रात्रीत सशस्त्र करून सोडलं. अमेरिकेत गाडीत बंदूक ठेवणं अनेक राज्यांत सर्रास चालतं, आणि तिथे चोरीला जाणाऱ्या बंदुकांचा फार मोठा वाटा पार्क केलेल्या गाड्यांतून जातो. ही पिशवीची कल्पना जिथून आली, तिथलाच हा अनुभव आहे. सीटखाली तारेने बांधलेली छोटी पेटी घेतली की झालं, असंही सुचवलं जातं. ती तार कापायला चोराला कितीसा वेळ लागतो? शिवाय आपल्याकडची हवा. पावसाच्या चार महिन्यांतला खाडीकाठचा खारट दमटपणा, मे महिन्यात उन्हात उभ्या बंद गाडीचा उकाडा, आणि त्यात महिनोन् महिने न पाहिलेलं शस्त्र आणि काडतुसं. गंज कोणाची वाट पाहत नाही.

पुढचा युक्तिवाद सर्वांत भावनिक असतो: ‘वेळ आली तर निदान हातात काहीतरी असेल.’ 15 मार्च 2023 च्या संध्याकाळी नेरूळमध्ये गाडीत बसलेल्या एका बांधकाम व्यावसायिकावर दुचाकीवरून आलेल्यांनी गोळ्या झाडल्या आणि तो जागीच गेला. बेत आधी ठरलेला होता, हल्ला काही क्षणांचा. अशा हल्ल्यात डिकी उघडून पिशवीची चेन ओढायला कोण वेळ देतो? 12 ऑक्टोबर 2024 ला वांद्रे पूर्वेत माजी मंत्री बाबा सिद्दीकी यांची हत्या झाली तेव्हा त्यांना पोलिस संरक्षण होतं. रोजच्या सरावातल्या माणसाजवळचं शस्त्रही हल्लेखोराने निवडलेल्या क्षणापुढे उशिरा पडतं, तर कधीच सराव न केलेल्या माणसाच्या पिशवीतल्या शस्त्राकडून कसली आशा धरायची?

उलट परवान्याच्या शस्त्रानेच घात केल्याची उदाहरणं समोर आहेत. 1 ऑक्टोबर 2024 च्या पहाटे अभिनेता गोविंदा प्रवासाला निघण्याच्या तयारीत असताना त्याच्या स्वतःच्या परवानाधारक रिव्हॉल्व्हरची गोळी त्याच्याच पायात गेली. दहिसरला 8 फेब्रुवारी 2024 रोजी माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर झाडल्या गेलेल्या गोळ्या ज्या पिस्तुलातून सुटल्या, त्याचा परवाना मारेकऱ्याच्या नव्हे, त्याच्या अंगरक्षकाच्या नावावर होता. त्या अंगरक्षकाला शस्त्र कायद्याखाली अटक झाली. परवाना कायदेशीर होता, शस्त्र कायदेशीर होतं, फक्त ते भलत्याच्या हाती लागेल अशा जागी होतं. एवढं पुरलं.

ज्यांच्याकडे खऱ्या कारणासाठी परवाना आहे, त्यांना मी शस्त्र टाका म्हणत नाही. रोकड हाताळणारे तुर्भ्याच्या बाजारातले व्यापारी असतील, सराफ असतील, खंडणीच्या धमक्या आलेले व्यावसायिक असतील. त्यांनी शस्त्र अंगावर, झाकलेल्या होल्स्टरमध्ये बाळगावं, किंवा मग घरी ठेवावं. घरी म्हणजे भिंतीत किंवा फरशीत बोल्टने बसवलेल्या पोलादी तिजोरीत, रिकामं करून, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि चावी एकाकडेच. कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवणं म्हणजे सुरक्षित ठेवणं नव्हे, कारण ती जागा घरातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. जिथे शस्त्र नेता येत नाही तिथे जायचं असेल, तर ते घरीच राहील. गाडी ही साठवणुकीची जागा नाहीच. शस्त्र हरवलं तर त्याच तासाला पोलिस ठाणं गाठावं. माझी मागणी अशी आहे, की पाच वर्षांनी परवान्याचं नूतनीकरण करताना पोलिसांनी कागदांबरोबर ती तिजोरीही घरी जाऊन पाहावी.

आता पिशवीकडे येतो. कारण पिस्तुलाच्या चर्चेत खरं नुकसान तिचं होतं. 2022 मध्ये महाराष्ट्रात खुनाच्या 2,295 गुन्ह्यांची नोंद झाली. त्याच वर्षी राज्याच्या रस्त्यांवर 15,224 माणसं अपघातात मेली. सहा पटींहून अधिक. आणि त्या खुनांतलेही कितीतरी घरातल्या, शेतातल्या, ओळखीच्यांतल्या भांडणांतले असतात, रस्त्यावरच्या अनोळखी लुटारूचे नव्हेत. कळंबोलीहून पुण्याकडे निघणाऱ्या कुटुंबाचा शत्रू वेग आहे, रक्तस्राव आहे, आणि उशिरा पोचणारी मदत आहे. 14 ऑगस्ट 2022 च्या पहाटे द्रुतगती मार्गावर माडप बोगद्याजवळ विनायक मेटे यांच्या गाडीला अपघात झाला. त्यांना कामोठ्याच्या एमजीएम रुग्णालयात नेलं, पण ते वाचले नाहीत. बराच वेळ मदत मिळाली नाही, असं त्यांच्या चालकाने सांगितलं होतं. राजकीय वजन असलेल्या माणसाची ही कथा, तर आपली काय?

म्हणून माझ्या पिशवीत सर्वांत वर रक्त थांबवण्याचं सामान असेल: जाड गॉज, दाबपट्टी, हातापायाच्या मोठ्या रक्तस्रावासाठी टूर्निके आणि ते कसं आवळायचं याचं घेतलेलं शिक्षण. हातमोजे, ओआरएसच्या पुड्या, पाणी, घरच्यांची रोजची औषधं, भरलेली पॉवर बँक, टॉर्च, चमकणारं जॅकेट आणि त्रिकोण. सोबत एका कागदावर 112, 108 आणि महामार्गासाठी 1033. हे सगळं मिळून त्या ‘निडर’च्या किमतीचा लहानसा भागच होतो. काच फोडायची हातोडी आणि पट्टा कापायची सुरी मात्र पिशवीत नको, ती चालकाच्या हाताशी हवी. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत माणसं बंद गाड्यांत अडकून गेली. काचा खाली येईनात, दरवाजे उघडेनात. डिकीत ठेवलेली हातोडी त्यांच्यापैकी कोणाला पोचली असती? आणि दुसऱ्याला मदत करताना पोलिसांच्या फेऱ्यात अडकू, ही भीती आता सोडायला हवी. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये आलेलं 134 अ कलम मदत करणाऱ्याला संरक्षण देतं.

राहिली महापेची ती मुलगी, जिचं नाव पुढे करून पिस्तूल विकलं जातं. तिच्या सुरक्षेचा प्रश्न खरा आहे, आणि त्याचं उत्तर तिच्या पर्समध्ये सव्वा लाखाचं रिव्हॉल्व्हर नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने रात्री साडेनऊनंतर काम करणाऱ्या बाईची संमती घेणं, तिला संरक्षण देणं आणि घराच्या दारापर्यंत वाहनाने पोचवणं ही जबाबदारी मालकावर टाकली आहे. महापे, ऐरोली, रबाळे इथल्या किती कंपन्या ही सोय शेवटच्या कर्मचारी बाईपर्यंत देतात, ते कामगार खात्याने आणि पोलिसांनी रात्री अकरा वाजता फाटकावर उभं राहून तपासावं. ठाणे-बेलापूर रस्त्याचे बंद दिवे महापालिकेने लावावेत, आणि स्टेशनबाहेर पोलिसांची गस्त शेवटच्या लोकलपर्यंत राहावी. सोसायटीच्या पुढच्या सभेत पिस्तुलाच्या परवान्याचा विषय निघाला, तर त्याच सभेत या तीन मागण्यांचा अर्ज लिहून त्यावर सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात.