कावळ्यांची वर्दी

मार्चच्या सकाळी पिरंगुटच्या एखाद्या सोसायटीच्या गच्चीवर वाळवण घालणाऱ्या बाईला दुर्बीण लागत नाही. समोरच्या उंबरावर दोन-चार कावळे एकाएकी ओरडू लागतात. मग पाण्याच्या टाकीवरचे उठतात आणि बघता बघता दहा-बारा जणांचं टोळकं एकाच दिशेनं निघतं. तिनं मान वर केली, की डोक्यावर घार असतेच. एखाद्या दिवशी घारीऐवजी शिक्रा निघतो, तर एखाद्या दिवशी उजेडात सापडलेलं घुबड.

मुळशी तालुक्यात शिकारी पक्षी पाहायचे तर दरवेळी ताम्हिणीपर्यंत गाडी काढावी लागत नाही, ती या वर्दीमुळे. कावळ्याचा आवाज ओळखता आला म्हणजे झालं. पोळीचा तुकडा दिसल्यावरची काव-काव सैल असते, मधे थांबे घेत चालते. शिकारी दिसला, की तोच आवाज घसा खरवडल्यासारखा, घाईचा आणि न थांबणारा होतो. तो ऐकून शेजारच्या आळीतले कावळेही हातातलं काम टाकून येतात.

पुढचा तमाशा बघण्यासारखा असतो. कावळा घारीला समोरून कधी भिडत नाही. तो तिच्या वर आणि मागे जागा धरतो, झपकन खाली येऊन पाठीवर किंवा शेपटीवर टोच मारतो आणि लगेच बाजूला होतो. तोवर दुसरा आलेला असतो. घारीच्या पंखांचा पसारा सव्वा ते दीड मीटर आणि कावळा चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम चाळीस सेंटिमीटर, तरी हवेत चटकन वळण्यात तो तिला भारी पडतो. फारच झालं, तर घार उडता उडता कुशीवर वळते आणि पंजे वर करून दाखवते. कावळा तेवढ्यापुरता मागे सरतो. तिची दुभंगलेली शेपटी अशा वेळी नीट पाहून घ्यावी. सुकाणूसारखी ती सारखी डावी-उजवीकडे कलत असते, आणि उडणारा पक्षी घारच आहे, हे ओळखायची सर्वांत सोपी खूणही तीच.

एवढी राखण करूनही कावळ्याच्या नावावर चांगलं काही जमा होत नाही. पितृपक्षात ज्याची ताटकळत वाट पाहायची, त्यालाच एरवी माणूस हाड-हाड करतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तर त्याला उंदीर आणि फळं खाणाऱ्या वटवाघळांच्या रांगेत, उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत बसवलं होतं. २०२२च्या दुरुस्तीत ती उपद्रवींची यादीच निघाली.

शिक्र्याची गोष्ट वेगळी. तो घारीसारखा उघड्यावर घिरट्या घालत बसत नाही. आंब्याच्या दाट पानोळ्यात दबा धरतो आणि सरडा, उंदीर किंवा चिमणी दिसली, की बाणासारखा सुटतो. कबुतराएवढा हा पक्षी डोळ्याला सहज सापडत नाही. त्याच्यासाठी कावळ्याच्या जोडीला खारीची चिरचिर, बुलबुलांचा कालवा आणि कोतवालाची धावाधाव कामी येते. कोतवालाला हे नाव उगीच मिळालेलं नाही. आपल्या घरट्याच्या आसपास तो कावळ्यालाही फिरकू देत नाही. घारीच्या मागे लागताना एकत्र दिसणारे हे दोघे एरवी एकमेकांचे वैरी आहेत.

या पहाऱ्याला चकवणारेही आहेत. मे महिन्यात ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ म्हणून शेतकऱ्याला हाक घालणारा पावशा दिसायला थेट शिक्र्यासारखा असतो. तीच राखाडी पाठ, तसेच शेपटीवरचे पट्टे, आणि चार वेळा पंख मारून मग तरंगत जाण्याची ढबही तीच. लहान पाखरं त्याला पाहून आरडाओरडा करतात. पावशा मात्र शिकारी नाही, तो कोकिळेच्या कुळातला. त्याची मादी आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालते.

खुद्द कावळ्याच्या घरात चोरी होते ती कोकिळेकडून. लांबची घार हेरणारा हा पहारेकरी काटक्यांच्या आपल्याच घरट्यातलं परकं अंडं निमूट उबवतो आणि परक्या पिल्लाला भरवतो. याच दिवसांत, म्हणजे पावसाच्या तोंडावर, तो माणसाच्या डोक्यावरही झडप घालतो. झाडाखालून रोज जाणाऱ्या एखाद्यालाच तो नेमका धरतो आणि बाकीच्यांना सोडतो, तेव्हा त्या माणसाला हा वैयक्तिक अपमान वाटतो. तो तसा असूही शकतो. अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ यांनी २००६ साली गुहामानवाचा मुखवटा घालून तिथले सात कावळे पकडले आणि सोडून दिले. नंतर तो मुखवटा घालून आवारात कोणीही फिरलं, तरी कावळे त्याच्यावर ओरडत. ज्यांना कधी पकडलंच नव्हतं, तेही त्यात सामील होत. तिथली जात वेगळी. पण चेहरा लक्षात ठेवण्याची खोड घराण्यातली असावी.

पिरंगुटच्या पुढचं पौड मागे पडलं, की राखाडी मानेचा घरकावळा विरळ होत जातो आणि जाड चोचीचा, पुरता काळा डोमकावळा दिसू लागतो. मुळशी धरणाच्या काठानं ताम्हिणीकडे जाताना त्याचाच घोगरा आवाज सोबतीला असतो. २०१३ साली अभयारण्य झालेल्या या जंगलावर ऊन तापल्यावर सर्पगरुड लांब शिट्टी घालत वर चढतो. काळा गरुड मात्र झाडांच्या शेंड्यांना जवळजवळ चिकटून, अगदी सावकाश जातो. त्याला घरटी शोधायची असतात. अंडी-पिल्लांसकट अख्खं घरटं पंजात उचलून नेण्यात त्याचा हातखंडा आहे. तो आला, की पाखरं इतकी का बिथरतात, ते यावरून कळतं.

नोव्हेंबर-डिसेंबरात शेजारच्या लोणावळ्याच्या माळांवर अमूर ससाणे उतरतात. सैबेरिया आणि उत्तर चीनकडून निघालेले हे कबुतराएवढे पाहुणे उडते किडे टिपत काही दिवस थांबतात आणि मग अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जातात. २०१२ साली नागालँडमध्ये दोयांग जलाशयाच्या काठी हेच ससाणे हजारोंनी जाळ्यात मारले गेले होते. पुढच्याच वर्षी तिथल्या गावकऱ्यांनी ती शिकार थांबवली.

गिधाडासाठी मात्र हल्ली कावळ्याला ओरडण्याची वेळ क्वचितच येते. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांचे मूत्रपिंड निकामी करी. १९९२ ते २००७ या काळात देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली. जनावरांसाठीच्या या औषधावर २००६ मध्ये बंदी आली, तोवर माळावरचं मढं कुत्र्या-कावळ्यांच्या वाट्याला गेलं होतं.

कावळ्यांचा सर्वांत मोठा कल्लोळ होतो तो घुबडावर. दगडी माळ आणि ओढ्यांच्या दरडी यांत राहणारं शृंगी घुबड पुणे जिल्ह्याला नवं नाही. इला फाउंडेशनचे डॉ. सतीश पांडे यांनी त्याच्यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. दिवसा ते उघड्यावर सापडलं, की कावळे त्याला तासन्‌तास सोडत नाहीत. त्यामागे जुना हिशेब आहे. पंचतंत्राचं तिसरं तंत्र काकोलूकीय म्हणजे कावळे-घुबडांच्या युद्धाचंच आहे, आणि त्यात कावळे घुबडांची गुहा जाळतात ती भर दिवसा, घुबडांना दिसत नाही तेव्हा. महाभारताच्या सौप्तिक पर्वात वडाखाली जागा असलेला अश्वत्थामा उलटं दृश्य पाहतो. रात्री एक घुबड येतं आणि झोपलेल्या कावळ्यांना एकेक करून मारतं. पांडवांच्या छावणीवर रात्रीच घाला घालण्याची कल्पना त्याला तिथंच सुचते.

पिरंगुटच्या त्या गच्चीवर वाळवण गोळा होईस्तोवर कावळे वडाकडे परतू लागतात. जागेवरून थोडी भांडणं होतात, मग आवाज बसत जातात. दिवे लागले, की टेकडीच्या बाजूनं एक खोल ‘बूऽऽबो’ येतं. थोड्या वेळानं पुन्हा एकदा, जरा जवळून. सकाळी साध्या घारीवर गाव गोळा करणारे कावळे त्या वडावर चिडीचूप बसलेले असतात.