पत्र बंद पडते, वाचक उरतो

१/
जुलै १९२०. भीमराव आंबेडकर अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी लंडनला निघाले. सहाच महिन्यांपूर्वी सुरू झालेले त्यांचे ‘मूकनायक’ त्यांच्या पश्चात अडखळत चालले आणि १९२३ मध्ये बंद पडले.

२४ नोव्हेंबर १९३०. ‘जनता’चा पहिला अंक निघाला, तेव्हाही बाबासाहेब लंडनमध्येच होते, गोलमेज परिषदेत. हे पत्र मात्र पंचवीस वर्षे टिकले.

मधल्या दहा वर्षांत असे काय बदलले? आजचा धागा या प्रश्नावर.

२/
नेहमीचे उत्तर असे की, १९३० पर्यंत बाबासाहेब देशभर ज्ञात झाले होते. ते खरेच आहे, पण अपुरे आहे. नेत्याच्या कीर्तीने पहिला अंक खपतो. दोनशेवा अंक खपत नाही. माझे मत असे की, त्या दहा वर्षांत वाचक घडला होता. चळवळीच्या लेखनाला वाचक आयता मिळत नसतो. तो वर्षानुवर्षांच्या सबुरीने घडवावा लागतो. समाजकारणावर लिहू लागलेल्या आणि चार महिन्यांत निराश होणाऱ्या आजच्या तरुणांनी हा इतिहास अवश्य पाहावा.

३/
प्रथम त्या काळातील अडचण नीट समजून घेऊ. १९२१ च्या जनगणनेनुसार हिंदुस्थानात शंभरातील जेमतेम सात माणसे साक्षर होती. ज्यांना शाळेची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांच्यात हे प्रमाण किती नगण्य असेल याची कल्पना करावी. म्हणजे ज्यांच्यासाठी पत्र काढायचे, त्यांतील बहुतेकांना ते वाचताच येत नव्हते. आणि ज्यांना वाचता येत होते, त्यांतील पुष्कळांना ते नको होते.

४/
या कोंडीत पहिले मोठे पाऊल टाकले कृष्णराव भालेकरांनी. सत्यशोधक समाजाची स्थापना १८७३ ची. त्यानंतर चौथ्या वर्षी, १ जानेवारी १८७७ रोजी, त्यांनी पुण्यात ‘दीनबंधु’ सुरू केले. शेतकरी आणि कष्टकरी यांची बाजू मांडणारे हे पत्र. वर्ष दख्खनच्या भीषण दुष्काळाचे. ज्याच्या घरात दाणा नाही, तो वर्गणी कोठून देणार? भालेकरांनी सुमारे तीन वर्षे पदरमोड करून पत्र चालवले आणि अखेर हात टेकले.

५/
पण पत्र मेले नाही. १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईला नेले. विचार तोच, नाव तेच. बदलली ती जागा. मुंबईत गिरण्या वाढत होत्या आणि घाटावरून, कोकणातून आलेला हजारो कष्टकऱ्यांचा समुदाय एकाच वस्तीत राहत होता. विखुरलेल्या खेड्यांत एका अंकाला एक वाचक मिळणे कठीण; चाळीत मात्र एकाने वाचले की दहा जण ऐकत.

६/
लोखंडे केवळ लिहीत बसले नाहीत. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले आणि ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ उभी केली. १८९० मध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आता त्या कामगाराच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. ज्या मागणीविषयी ‘दीनबंधु’त ऐकले, ती आठवड्याच्या सुटीच्या रूपाने घरी आली. यानंतर त्या पत्राचे महत्त्व त्याला निराळे पटवून द्यावे लागले असेल काय?

७/
याउलट वाट आगरकरांची. ‘केसरी’चे पहिले संपादक तेच. मतभेद वाढले तेव्हा त्यांनी तयार वाचकवर्ग मागे सोडला आणि १५ ऑक्टोबर १८८८ रोजी ‘सुधारक’ काढले. पुण्यात त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा निघाली, तरी लेखनाची धार त्यांनी बोथट केली नाही. १८९५ मध्ये, चाळिशीही गाठण्यापूर्वी ते गेले. मोठ्या गर्दीला रुचेल ते लिहिण्यापेक्षा थोड्यांना पटेल ते लिहीत राहणे त्यांनी पत्करले.

८/
‘मूकनायक’ ही अस्पृश्य समाजाच्या पत्रकारितेची पहिली ओळ, असे आपण सहज म्हणून जातो. तसे नाही. गोपाळबाबा वलंगकर ‘दीनबंधु’ आणि ‘सुधारक’ यांतून लिहीत होते. १९०८ मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी पुण्यात ‘सोमवंशीय मित्र’ काढले. नागपुरात किसन फागुजी बनसोडे यांनी एकामागून एक पत्रे काढली. ती अल्पायुषी ठरली. पण छापलेला शब्द आपलाही असू शकतो, ही सवय त्यांनी लावली. पुढच्या पेरणीसाठी जमीन येथे भुसभुशीत झाली.

९/
३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक असल्याने संपादक म्हणून नाव होते पांडुरंग नंदराम भटकर यांचे. पैसे देऊनही या पत्राची जाहिरात छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला, हे बाबासाहेबांनीच पुढे नोंदवून ठेवले आहे. म्हणजे नव्या पत्राची वार्ता वाचकांपर्यंत पोहोचवण्याचा राजमार्ग पहिल्याच दिवशी बंद!

१०/
राजमार्ग बंद म्हणून पायवाट. मार्च १९२० मध्ये माणगाव येथे परिषद भरली आणि तेथे शाहू महाराजांनी या तरुण विद्वानाकडे समाजाचा नेता म्हणून बोट दाखवले. पत्र आणि परिषद अशी ही जोडी शुभ होती. परंतु जुलैत बाबासाहेब परदेशी गेले आणि पत्र एका लेखणीवर किती अवलंबून होते ते उघड झाले. पुढे पैशाची टंचाई आली, चालकांत बेबनाव झाला. लेखणी गेली तरी पत्र पेलून धरील असा वाचकांचा पाया तोवर पडलेला नव्हता.

११/
यापुढचा टप्पा मला सर्वांत बोधप्रद वाटतो. १९२३ मध्ये परतल्यावर बाबासाहेबांनी लगेच नवे पत्र काढले नाही. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले, वाचनालयाचे काम हाती घेतले. वरकरणी ही चार वर्षे पत्रकारितेच्या इतिहासात रिकामी दिसतात. प्रत्यक्षात त्या काळात अक्षरशः वाचक तयार केले जात होते.

१२/
२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले गेले. अवघ्या दोन आठवड्यांत, ३ एप्रिलला, ‘बहिष्कृत भारत’ निघाले. महाडहून परतलेल्या हजारोंना आपण काय केले, का केले आणि आपल्यावर झालेल्या आरोपांना उत्तर काय, हे आपल्याच शब्दांत ऐकायचे होते. यावेळी वाचकाची वाट पाहावी लागली नाही. वाचकच पत्राची वाट पाहत होता.

१३/
तरीही हे पत्र सुखात चालले असे समजू नये. अंकाचे चोवीस-चोवीस रकाने वर्षभर एकट्याला लिहून काढावे लागले, असे बाबासाहेबांनीच वाचकांना सांगितले आणि या पत्राचे ऋण समाजाने मानावे की नाही, असा रोखठोक प्रश्नही विचारला. वाचकापुढे हिशेब मांडण्यात त्यांना संकोच वाटला नाही. नोव्हेंबर १९२९ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ही थांबले. दुसरा पराभव? हिशेबाच्या वहीत, होय.

१४/
आता पहिल्या प्रश्नाकडे परत येऊ. ‘जनता’ निघाले तेव्हा संपादनाची धुरा देवराव नाईकांकडे होती. त्यांना ‘समता’ या पत्राचा अनुभव होता. बाबासाहेब दूर होते, तरी लिहिणारे हात अनेक होते आणि वाचणारा समाज जागा झाला होता. लंडनहून आलेली त्यांची पत्रे छापली जात आणि वस्त्यांतून वाचली जात. १९२० मध्ये नेत्याच्या अनुपस्थितीने पत्राचा प्राण गेला. १९३० मध्ये त्याच अनुपस्थितीने पत्राची गरज वाढवली. ४ फेब्रुवारी १९५६ रोजी या पत्राचेच नाव ‘प्रबुद्ध भारत’ झाले.

१५/
यात जलशांचा वाटा विसरून चालणार नाही. सत्यशोधक जलशांनी घालून दिलेली वाट पुढे आंबेडकरी जलशांनी रुंद केली. भीमराव कर्डकांचे नाव त्यात अग्रभागी. अग्रलेखातील युक्तिवाद जलशात सवाल-जवाब होऊन येई, आणि निरक्षर माऊलीही तो घरी घेऊन जाई. छापील प्रतींच्या संख्येवरून या पत्रांचा प्रभाव मोजणारे म्हणूनच फसतात. कानांची मोजदाद कोणत्याच वहीत नसते.

१६/
आणखी एक उदाहरण, आणि ते फारसे सांगितले जात नाही. मुकुंदराव पाटील हे जन्माने कृष्णराव भालेकरांचे पुत्र. दत्तक गेल्याने पाटील झाले. २३ नोव्हेंबर १९१० रोजी त्यांनी ‘दीनमित्र’ सुरू केले. या नावाचे मासिक पूर्वी एकदा निघून बंद पडले होते. मुकुंदरावांचे पत्र पुण्यामुंबईचे नव्हे, तर अहमदनगर जिल्ह्यातील सोमठाणे आणि पुढे तरवडी या खेड्यांतून निघे. ते चालले १९६७ पर्यंत. सत्तावन्न वर्षे! वडिलांचे पत्र शहरात तीन वर्षांत थकले. मुलाचे पत्र खेड्यात अर्धशतक ओलांडून गेले.

१७/
हे कसे साधले? मुकुंदरावांनी आपल्या श्रोत्याची गोडी ओळखली होती. गावात पोथी ऐकण्याची परंपरा होती. त्यांनी ‘कुळकर्णी लीलामृत’ ओवीबद्ध लिहिले. बाह्यरूप पोथीचे, आशय वतनदारीच्या जाचाचा. ज्या साच्यातून शतकानुशतके आज्ञाधारकपणा शिकवला गेला, त्याच साच्यातून प्रश्न विचारणे शिकवले गेले. वाचकाला खाली पाहून उपदेश करणारा लेखक हे करू शकत नाही. त्यासाठी ओट्यावर त्याच्या शेजारी बसावे लागते.

१८/
येथे एक आक्षेप रास्त आहे. ‘सबुरी धरा’ हा उपदेश शोषितांना नेहमी वरच्यांनीच केला. मग आपणही तोच करायचा का? माझे उत्तर असे की, हे दोन धीर एकमेकांपासून वेगळे आहेत. तळ्याच्या पाण्यासाठी बाबासाहेबांनी कोणाच्या हृदयपरिवर्तनाची वाट पाहिली नाही. लोखंड्यांनी रविवार मागितला तो तत्काळ. हक्कांविषयी ही माणसे कमालीची अधीर होती. धीर त्यांनी राखला तो आपल्याच माणसांविषयी: ज्याला अजून वाचता येत नाही, ज्याला अजून भीती वाटते, ज्याच्याकडे वर्गणीचे पैसे नाहीत, त्याच्याविषयी.

१९/
दुसरा आक्षेप: टिकलेल्या पत्रांचीच गोष्ट सांगायची आणि बंद पडलेली शेकडो विसरायची, हा इतिहास नव्हे. मान्य. सबुरीने यश हमखास मिळते असे मी म्हणत नाही. पण बंद पडलेल्या पत्रांचे मूल्यमापनही नीट व्हावे. ‘सोमवंशीय मित्र’ थांबले, तरी १९२९ च्या पर्वती सत्याग्रहात शिवराम जानबा कांबळे आघाडीवर होतेच. पत्र हे साधन होते. ते गळून पडले तरी माणूस आणि त्याने जोडलेली माणसे कामात राहिली.

२०/
आता आजचे. आपल्या हातात फुकट छापखाना आहे आणि प्रत्येक ओळीखाली आकडा आहे. हा आकडा मोठा मोहक असतो. एखाद्या चिथावणीखोर ओळीला एका रात्रीत हजारो लोक मिळतात आणि आठवड्याने त्यांतील एकही परत येत नाही. ती गर्दी झाली, वाचक नव्हे. परत येणारा, शंका विचारणारा, दुसऱ्याला वाचून दाखवणारा आणि वेळप्रसंगी सभेला येऊन बसणारा तो वाचक. असे पन्नास जण जोडायला वर्ष लागले, तर ते वर्ष वाया गेले असे मानू नये.

२१/
वरील सर्व उदाहरणांतून मला काही व्यावहारिक गोष्टी दिसतात. कोणासाठी लिहितो ते ठरवावे आणि ती माणसे जेथे आधीच जमतात तेथे जावे. लेखनाला एखाद्या चालू कामाची जोड असावी. काम नसलेले लेखन लवकर कोरडे पडते. सारा भार एका लेखणीवर ठेवू नये, कारण १९२० मध्ये त्याची किंमत मोजावी लागली. खर्चाचा हिशेब वाचकापुढे उघड मांडावा. आणि एक उपक्रम बंद पडला तर लाज न बाळगता दुसऱ्या नावाने उभे राहावे.

२२/
शेवटी एवढेच. १९९० मध्ये महाराष्ट्र शासनाने ‘बहिष्कृत भारत’ आणि ‘मूकनायक’ यांचे अंक ग्रंथरूपाने पुन्हा छापले. ज्या पत्राला १९२३ मध्ये पुढचा अंक काढता आला नाही, ते आज तुमच्या-आमच्या वयाची मुले अभ्यासतात. काही वाचक फार उशिरा येतात. ते येतील तेव्हा वाचण्याजोगे काही तेथे असले पाहिजे, ही जबाबदारी लिहिणाऱ्याची.

तुमच्या तालुक्यातून कधीकाळी असे एखादे पत्र निघत होते काय? घरातील थोरांना विचारा, गावच्या वाचनालयातील धूळ झटका, आणि सापडलेले नाव या धाग्याखाली अवश्य लिहा.