'वाहतूक विस्कळीत' : एका शब्दप्रयोगाविरुद्ध

महामार्गाच्या काठी वसलेल्या गावांना काही वाक्ये पाठ झालेली असतात. संगमनेर हे असेच एक गाव. पूर्वीचा पन्नास क्रमांकाचा आणि आताचा साठ क्रमांकाचा नाशिक-पुणे राष्ट्रीय महामार्ग या गावाच्या अंगाखांद्यावरून गेलेला आहे. चौपदरीकरणानंतर बाह्यवळण झाले, गावातली जड वाहने गावाबाहेर गेली; पण चंदनापुरीचा घाट तिथेच आहे, आणि घाटाबरोबर ते पाठ वाक्यही आहे : 'टँकरने पेट घेतल्याने महामार्गावरील वाहतूक विस्कळीत.' गाव बदला, घाट बदला, साल बदला. वाक्य बदलत नाही. आमचे भांडण या वाक्याशी आहे.

भांडणाआधी कबुली द्यायला हवी. आम्ही साहित्य शिकवणारे आणि शिकणारे लोक या रस्त्यावरून परीक्षांना, चर्चासत्रांना, व्याख्यानांना जात-येत असतो. गाडी थांबते, इंजिन बंद होते, पुढे कुठेतरी काळा धूर दिसतो. अशा वेळी आम्ही खिशातून फोन काढून आधी काय बोलतो? 'रस्ता बंद आहे, पोचायला उशीर होईल.' पुढे कोण जळते आहे, हा प्रश्न त्यानंतरचा. अनेकदा तो येतही नाही. म्हणजे ज्या वाक्याविरुद्ध आम्ही लिहीत आहोत ते वार्ताहरांनी आमच्यावर लादलेले नाही. ते आमच्याच तोंडचे आहे. वृत्तपत्राने फक्त ते छापले.

आता वाक्य तपासू. 'टँकरने पेट घेतला.' कर्ता कोण? टँकर. लोखंडाच्या एका टाकीला इथे इच्छाशक्ती बहाल झाली आहे. 'वाहतूक विस्कळीत झाली', 'वाहनांच्या रांगा लागल्या', 'वाहतूक पूर्वपदावर आली', 'गुन्हा दाखल करण्यात आला' : रांगा आपोआप लागतात, वाहतूक आपोआप सुरळीत होते, गुन्हाही कोणीतरी अदृश्य हाताने दाखल करून जातो. 'करण्यात आला' ही रचना मराठी शासनव्यवहाराने कर्ता गिळून टाकण्यासाठीच जोपासली, अशी शंका यावी इतकी ती सोयीची आहे. या संपूर्ण परिच्छेदात हाडामांसाचा माणूस एकदाच येतो : 'चालकाचे नियंत्रण सुटल्याने'. बातमीत सबंध यंत्रणेला विभक्ती लागत नाही. ती लागते फक्त चालकाला. तो जळून गेला असेल तर तो उत्तर देऊ शकत नाही. जिवंत राहिला असेल तर पुढच्याच ओळीत तो 'पसार' होतो. रस्त्याची आखणी कोणी केली, उतारावर गाडी किती तास चालवून तो आला होता, ब्रेक कोणी तपासले, टाकीत काय आणि किती होते, हे प्रश्न ज्या वाक्यात मावतील ते वाक्य आपण लिहितच नाही.

याला कोणी व्याकरणाचा किस म्हणेल. म्हणून एक प्रत्यक्ष घटना घेऊ. १३ जून २०२३ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खंडाळ्याजवळ कुणे पुलावर ज्वालाग्राही रसायन वाहून नेणारा एक टँकर उलटला आणि पेटला. चार माणसे मेली. द्रुतगती मार्ग कित्येक तास बंद राहिला, आणि घरोघरी बातमी पोचली ती प्रथम 'एक्सप्रेसवे ठप्प' अशी. परंतु मेलेल्यांत पुलाखालच्या रस्त्यावरून जाणारी माणसेही होती. पेटते रसायन पुलावरून खाली सांडले आणि खालच्या रस्त्याने चाललेल्या लोकांना त्याने गाठले. हे लोक द्रुतगती मार्गावर नव्हतेच. त्यांची वाहतूक कोणी मोजली नव्हती. 'द्रुतगती मार्गावरील वाहतूक विस्कळीत' या मथळ्यात त्यांना जागाच नाही, कारण तो मथळा वरच्या रस्त्याचा आहे. एखाद्या कादंबरीकाराने हे दृश्य रचले असते तर आम्हीच त्याला 'प्रतीक फार उघड झाले' म्हणून सुनावले असते. प्रत्यक्षात ते घडले आणि आमच्या टीकाव्यवहाराने त्याची दखल घेतली नाही.

आमच्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की बातमी ही बातमी असते. प्रवाशाला रस्ता बंद आहे एवढे कळले म्हणजे पुरे, त्यात करुणरस शोधू नये. या आक्षेपात तथ्य आहे. खोळंबलेल्या रांगेत रुग्णवाहिकाही असते, प्रसूतीच्या कळा सोसणारी बाईही असते. रस्ता बंद असल्याची सूचना हीदेखील जीव वाचवणारी गोष्ट आहे. ती देऊ नका, असे आम्ही म्हणत नाही. आमचा प्रश्न क्रमाचा आहे. मृत्यू हे कारण आणि खोळंबा हा परिणाम, अशी रचना केली की मरणारा माणूस वाक्याच्या गौण भागात जातो आणि खोळंबलेला वाचक मुख्य भागात बसतो. कोणते उपवाक्य प्रधान आणि कोणते गौण, हे आपण शाळेपासून शिकतो. ते शिकूनही इथे प्रधान कोण ते आपल्याला दिसत नसेल, तर ते शिक्षण परीक्षेपुरतेच होते म्हणायचे.

दुसरा आक्षेप : मराठी भाषेची घडणच अशी आहे, कर्त्यावाचून बोलणे तिला सहज जाते. हे मात्र खोटे आहे, आणि त्याचा पुरावा संगमनेरपासून फार लांब नाही. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडी येथे, जिथे तेल कंपन्यांचे मोठे साठे आहेत, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इंधनाच्या भेसळीचा प्रकार दिसला. ते थांबले, आणि भेसळखोरांनी त्यांना जाळून मारले. त्या दिवशी मराठीला कर्ता सापडला. 'जाळले' हे सकर्मक क्रियापद सापडले, 'तेलमाफिया' हा शब्द सापडला, मेलेल्या माणसाचे नाव आणि हुद्दा मथळ्यात आला. ते योग्यच झाले. पण याचा अर्थ असा, की भाषा असमर्थ नाही. कोणासाठी कर्ता शोधायचा आणि कोणासाठी शोधायचा नाही, हे आपण ठरवतो. अधिकारी जळाला तर 'कोणी जाळले' असे विचारतो. क्लीनर जळाला तर 'रस्ता कधी सुरू होणार' असे विचारतो.

चालकांचे म्हणणे ऐकण्याची एक संधी आपल्याला अलीकडेच मिळाली होती. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ च्या दुसऱ्या उपकलमात, बेदरकार वाहन चालवून एखाद्याचा मृत्यू घडवून खबर न देता पळणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली. तिच्याविरुद्ध जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत देशभर मालवाहू वाहनांचे चालक थांबले, टँकरही थांबले. चालकांचे म्हणणे साधे होते : अपघातस्थळी थांबलो तर जमाव आम्हांला मारतो. हे म्हणणे सर्वथा बरोबर आहे की नाही यावर वाद होऊ शकतो. धडक देऊन पळालेल्या वाहनाखाली मेलेल्यांचीही एक बाजू आहे. पण तो वाद झालाच नाही. आपण पेट्रोल पंपांवर रांगा लावल्या. पुढे १ जुलै २०२४ पासून संहिता लागू झाली तेव्हा ते उपकलम बाजूला ठेवले गेले. मराठी वाचकाच्या स्मरणात त्या दोन दिवसांचे काय उरले? पंपावरची रांग. म्हणजे पुन्हा तेच, वाहतूक विस्कळीत.

आता आमच्या स्वतःच्या शास्त्राकडे वळू. गेल्या काही दशकांत आम्ही 'संहिता' या शब्दाचा अर्थ फार विस्तारला. चित्रपट, जाहिरात, भिंतीवरची घोषणा, सारे काही संहिता. ट्रकच्या पाठीवरील सुभाषितांवर कौतुकाने लिहिले-बोलले गेले. 'हॉर्न ओके प्लीज' हे शब्द लिहायला महाराष्ट्रात २०१५ साली बंदी आली तेव्हा लोकसंस्कृतीच्या ऱ्हासाबद्दल हळहळही व्यक्त झाली. त्याच वाहनांपैकी काहींच्या पाठीवर आणखी एक संहिता असते : चौकोनी पाटी, तीवर चार अंकी क्रमांक, धोक्याचे चिन्ह आणि संपर्काचा दूरध्वनी. १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ म्हणजे डिझेल, १०७५ म्हणजे स्वयंपाकाचा द्रवरूप वायू, ११७० म्हणजे इथेनॉल. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार अशी पाटी लावणे सक्तीचे आहे. आणि त्याच नियमांतला नववा नियम सांगतो, की धोकादायक माल वाहणाऱ्या चालकाला आठव्या अनुसूचीतील किमान एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता आली पाहिजे. साक्षरतेची अट फक्त त्याला. त्याच्या मागे गाडीत बसलेल्या आम्हां पदव्युत्तरांना ती पाटी वाचता येत नाही, आणि त्याची लाजही वाटत नाही.

ती वाचता येणे हा चोखंदळपणा नव्हे. पेट्रोल पाण्याहून हलके असते. पाणी मारले तर ते पाण्यावर तरंगत, पेटलेल्या अवस्थेतच गटारातून पुढे जाऊ शकते. त्याची वाफ हवेहून जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीने पेटते. द्रवरूप वायू सुटला की त्याचे आकारमान अडीचशे पटींहून अधिक वाढते. २० डिसेंबर २०२४ च्या पहाटे जयपूरजवळ भांकरोटा येथे टँकरला धडक बसून असाच वायू पसरला आणि मागेपुढे असलेली कित्येक वाहने त्यात जळाली. इथेनॉलची तऱ्हा निराळी. त्याची ज्योत भर दिवसा नीट दिसतही नाही, ते पाण्यात मिसळते आणि साधा फेस विझवून टाकते. त्यासाठी मद्यार्करोधक फेस लागतो. हे सारे पदार्थ आमच्या बातमीत एकाच शब्दात मावतात : 'इंधनाचा टँकर'. बघ्यांनी किती अंतरावर थांबावे, वाऱ्याच्या कोणत्या दिशेला जावे, हे त्या शब्दात नसते. पाकिस्तानात अहमदपूर शर्किया येथे २५ जून २०१७ रोजी उलटलेल्या टँकरमधून सांडलेले पेट्रोल गोळा करायला लोक धावले आणि दोनशेहून अधिक माणसे जळून मेली. त्यावर 'फुकटच्या पेट्रोलचा मोह' असे नीतिपाठ देणे सोपे होते. त्या लोकांना धोका समजेल अशा भाषेत कोणी कधी सांगितला होता का, हे विचारणे अवघड होते.

इथेनॉलचा उल्लेख आम्ही सहज केलेला नाही. ज्या जिल्ह्यात १९५० च्या सुमारास प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला त्या जिल्ह्यात उसाच्या मळीपासून आणि रसापासून होणारे इथेनॉल हा आज अभिमानाचा विषय आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट २०२५ साली गाठले गेले. शेतकरी 'अन्नदाता' होता, तो 'ऊर्जादाता' झाला, अशी भाषणे आपण ऐकतो. अभिमानाला आमची ना नाही. पण कारखान्याचे धुराडे आणि पंपाची नळी यांच्यामध्ये एक रस्ता आहे, त्या रस्त्यावर एक टँकर आहे, टँकरच्या केबिनमध्ये एक माणूस आहे. गौरवगाथेत रस्ता नाही आणि अपघाताच्या बातमीत कारखाना नाही. या दोन मजकुरांना एकमेकांची ओळखही नाही. वाटेवरल्या किती नगरपालिकांच्या बंबांत मद्यार्करोधक फेस आहे, हे विचारणारी बातमी आम्हांला वाचायची आहे. ती येईपर्यंत 'शर्थीच्या प्रयत्नांनंतर आग आटोक्यात' या शब्दांवर आम्ही समाधान मानणार नाही. शर्थ जवानांची असते. तिच्या आड साधनांचा प्रश्न लपवू नये.

संगमनेरने मराठीला अनंत फंदी दिले (१७४४-१८१९), आणि त्यांच्याबरोबर 'फटका' हा काव्यप्रकार दिला. अहिल्याबाई होळकरांच्या सांगण्यावरून ते तमाशाकडून उपदेशाकडे वळले, अशी आख्यायिका आहे. आज हा जिल्हा त्याच अहिल्याबाईंच्या नावाने ओळखला जातो. त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध फटक्याची सुरुवात वाटेबद्दलच्या सल्ल्यानेच होते, हे मराठीच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. तो आम्ही शिकवतो, त्यावर प्रश्न काढतो, गुण देतो. पण फटका हा मुळात चापकाचा आवाज आहे आणि तो ऐकणाऱ्याच्या पाठीवर पडायचा असतो, हे मात्र आम्ही शिकवत नाही. जळता टँकर बघत उभी राहिलेली गर्दी आणि ती गर्दी फोनच्या पडद्यावर बघणारे आम्ही, दोघेही अजून तमाशातच आहोत.

म्हणून शिक्षकमित्रांना एक विनंती. पुढच्या वेळी अशी बातमी आली, आणि ती येणार आहे, की तिचे कात्रण वर्गात न्या. विद्यार्थ्यांना ती पुन्हा लिहायला सांगा. अटी चारच : पहिल्या वाक्यात माणूस असावा; टाकीतल्या पदार्थाचे नेमके नाव असावे; 'करण्यात आले' ही रचना वर्ज्य असावी; आणि वाहतुकीचा उल्लेख शेवटी यावा. दुसऱ्या अटीशी विद्यार्थी अडतील, कारण बातमीत ते नाव नसेल. मग त्यांनी ते विचारायला जावे : पोलीस ठाण्यात, अग्निशमन केंद्रात, वृत्तपत्राच्या कचेरीत. उत्तर मिळाले नाही तर तेच पहिले वाक्य म्हणून लिहावे. अभ्यासक्रमात याला गुण नाहीत, हे आम्हांला ठाऊक आहे.